आधी गटार दाखवा, मग नोटीस पाठवा!

नगरपालिकेच्या कचेरीतून घरोघर जाणाऱ्या कागदांत सर्वांत कमी समजणारा आणि सर्वांत अधिक चीड आणणारा कागद कोणता, असे कोणी आम्हांला विचारले तर आम्ही सांगू की, तो घरपट्टीचा नव्हे आणि पाणीपट्टीचाही नव्हे. तो भुयारी गटाराला घर जोडण्याच्या नोटिशीचा! घरपट्टीचा आकडा निदान वाचता तरी येतो. या नोटिशीत मात्र कलमे असतात, मुदत असते, दंडाची धमकी असते. आणि नसते एवढेच की, गटार नेमके कोठे आहे, ते चालू आहे की नाही, आपली नळी त्याला उताराने पोहोचेल की नाही आणि या सगळ्याला खर्च किती येईल! गृहस्थ तो कागद देव्हाऱ्यामागे खोचतो, संडासाची टाकी पूर्वीप्रमाणेच भरत राहते, नाला पूर्वीप्रमाणेच वाहत राहतो, आणि पालिका आपल्या अहवालात लिहिते की, नागरिक सहकार्य करीत नाहीत!

प्रश्न गटाराचा आहे म्हणून नाकाला रुमाल लावून पुढे जाणाऱ्यांसाठी हा लेख नाही. ज्या गावात मैलापाण्याची वाट नीट नाही, त्या गावात विहीर सुरक्षित नाही, शेत सुरक्षित नाही आणि लहान मूलही सुरक्षित नाही. म्हणूनच घरजोडणीच्या नियमांचा विचार हा अभियंत्यांवर आणि कारकुनांवर सोपवून देण्याचा विषय नव्हे, असे आमचे ठाम मत आहे.

शंभर फुटांचा कायदा

या सक्तीचे मूळ पुष्कळ जुने आहे. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा आजही चालू आहे. त्याच्या २३१ व्या कलमाने आयुक्ताला असा अधिकार दिला की, पालिकेच्या गटारापासून शंभर फुटांच्या आत ज्या जागेला मलनिस्सारणाची पुरेशी सोय नसेल, तिच्या मालकाला अगर भोगवटादाराला लेखी नोटीस देऊन त्या गटारापर्यंत नळी घालण्यास त्याने भाग पाडावे. मालकाने ते काम केले नाही तर पालिकेने करावे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा, ही या कायद्याची रीत. पुढे १९४९ साली मुंबई प्रांतिक महानगरपालिकांचा कायदा झाला, तोही याच परंपरेतला. पुण्यासारखी महाराष्ट्रातील शहरे आणि गुजरातेतील वडोदरे यांचा कारभार त्याच कायद्याच्या दोन शाखांवर चालतो. गोव्याने तर २००८ साली मलनिस्सारण व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदाच केला. सारांश, 'गटार जवळ आले की घर त्याला जोडलेच पाहिजे' हे तत्त्व आमच्या भागात कोणाला नवे नाही.

आणि तत्त्व म्हणून आम्ही त्याच्या विरुद्ध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आमचा आक्षेप निराळा आहे. त्याच १८८८ च्या कायद्याच्या ६१ व्या कलमात पालिकेची अनिवार्य कर्तव्ये मोजली आहेत, आणि त्यांत गटारे बांधणे, ती दुरुस्त राखणे व साफ करणे हे कर्तव्य अगदी पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे. म्हणजे कायद्याने दोन बाजूंना बांधले: पालिकेने गटार द्यावे, नागरिकाने घर जोडावे. परंतु नागरिकाने चुकारपणा केला तर त्याला नोटीस, दंड आणि वसुली. पालिकेने केला तर तिला काय? नागरिकाने आयुक्ताला कोणत्या कलमाखाली नोटीस द्यावी आणि कोणत्या मुदतीत त्याच्याकडून गटार वसूल करावे? दोन बैलांच्या गाडीत एकाच बैलाला आसूड, आणि गाडी वाकडी चालते म्हणून पुन्हा त्यालाच शिव्या!

सक्ती हवीच, पण का?

'आमच्या घराला टाकी आहे, शोषखड्डा आहे. आम्हांला गटार कशाला?' असे विचारणारे सद्गृहस्थ प्रत्येक आळीत भेटतात. त्यांचे समाधान केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सेप्टिक टाकी मैला नाहीसा करीत नाही. ती घन भाग तळाशी बसविते, त्यातील काही अंश कुजविते आणि उरलेले पाणी पुढे सोडते. ते पाणी दिसायला निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याला मुरण्यासाठी पुरेशी आणि योग्य जमीन लागते; म्हणूनच शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. जुन्या पेठेत, जेथे एका घराची मोरी आणि दुसऱ्याचा आड यांच्यामध्ये एका भिंतीचे अंतर असते, तेथे हे १८ मीटर आणायचे कोठून? गोव्याच्या जांभ्या दगडाच्या भूमीत तर भेगाभेगांतून पाणी कोठे उतरेल आणि कोणाच्या बावीत उगवेल, याचा नेम नाही. ज्याची टाकी त्याचा विटाळ शेजाऱ्याच्या घागरीत, असा हा न्याय! आपल्या कुंपणाच्या आत आपण राजे, ही भाषा जमिनीखाली चालत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते फारच थोड्यांना सांगितले जाते. भुयारी गटार पाण्याच्या ओघाने स्वतःच साफ राहावे अशी त्याची रचना असते. त्यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर तरी असावा लागतो. हा वेग उतारातून येतो आणि पाण्याच्या भरतीतून येतो. दरमाणशी १३५ लिटर पाणी धरले आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी होते असा अभियंत्यांचा हिशेब घेतला, तर पाच माणसांचे एक घर दिवसाकाठी ५४० लिटर पाणी गटारात सोडते. शंभर घरे जोडली तर ५४,००० लिटर. परंतु शंभरांपैकी वीसच घरे जोडली तर त्याच नळातून जेमतेम अकरा हजार लिटर रेंगाळत जाते, मैला तळाशी बसतो, घट्ट होतो आणि नळ तुंबतो. म्हणजे अर्धवट जोडलेले गटार हे अर्धे काम नव्हे, तर नवे संकट होय. जो जोडत नाही तो केवळ स्वतःचेच नुकसान करतो असे नव्हे. ज्याने जोडले त्याचेही गटार तो बंद पाडतो. सक्तीचे खरे समर्थन हे आहे. पण ते नोटिशीत लिहिण्याची तसदी कोणी घेतली आहे काय?

रिकामी केंद्रे, भरलेले नाले

आता पालिकांच्या पदरात काय आहे ते पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली देशातील शहरी सांडपाण्याचा हिशेब मांडला. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर! एकूण सांडपाण्याच्या शेकडा अठ्ठावीस. पहिली लाजिरवाणी गोष्ट ही की, क्षमताच निम्म्याहून कमी. दुसरी, आणि आमच्या मते अधिक लाजिरवाणी, ही की, जी क्षमता जनतेच्या पैशातून उभी केली तिचाही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग निकामी पडून! शेजारून नाला दुथडी भरून वाहतो आणि केंद्रातील हौद रिकामे राहतात, याचे एक मोठे कारण हेच की, घर आणि गटार यांच्यामधली ती शेवटची काही फुटांची नळी पडलेलीच नसते. कोट्यवधींचा हत्ती गेला आणि शेपूट अडकले!

आमच्या परिसराचीच उदाहरणे घ्या. मडगावच्या कुशीतून जाणारी साळ नदी पाहा. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत खारेबांद ते मोबोर हा साळचा पट्टा आला. शहराला मलशुद्धीकरण केंद्र होते, गटाराचे नळ होते, कायदा होता; आणि नदी तरीही यादीत! बेळगावचा बळ्ळारी नाला पाहा. शहराची घाण पोटात घेऊन तो शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून जातो आणि पावसाळ्यात पात्र सोडून भातपिकात घुसतो. ज्या मातीने बेळगावी बासमतीचा सुगंध दिला, त्या मातीला शहराने परत काय दिले? शुद्धीकरण केंद्रासाठी हलग्याच्या शेतकऱ्याची सुपीक जमीन हवी होती तेव्हा सरकारी यंत्रणा पोलीस घेऊन शिवारात उतरली. शेतकऱ्याने ती जमीन वाचविण्यासाठी दीर्घकाळ झुंज दिली. आम्ही विचारतो, जमीन घेताना जी तातडी दिसते, तीच घरोघरची नळी जोडताना कोठे जाते? एका शेतकऱ्याची जमीन घ्यायची, दुसऱ्याच्या शेतात नाला सोडायचा आणि गृहस्थाला नोटीस द्यायची, यालाच नागरी कारभार म्हणायचे काय?

हे काम अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. इंदूरने आपल्या लहानमोठ्या २५ नाल्यांत उघड्यावर सुटणारी १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती सांडपाण्याची तोंडे शोधून बंद केली आणि ती गटारांना जोडली. त्यावरून ऑगस्ट २०२१ मध्ये त्या शहराला देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून मान मिळाला. पालिकेने मनावर घेतले म्हणजे काय होते याचा हा दाखला. परंतु मानपत्र मिळाले म्हणून पहारा सैल करता येत नाही, हा धडाही त्याच इंदूरने दिला. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तेथील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेकांचे प्राण गेले. पाण्याची नळी आणि मैल्याची नळी एकाच गल्लीत शेजारी शेजारी झोपलेल्या असतात. एकीच्या कामातील ढिलाई दुसरीच्या वाटेने चुलीपर्यंत येते. ज्या गल्लीत घरजोडणीचे काम तपासले जात नाही, त्या गल्लीत फलक कोणताही लावा, मरण दाराशी उभे आहे!

चेंबरात उतरतो कोण?

या साऱ्या हेळसांडीची किंमत शेवटी कोण मोजतो? नोटीस पाठविणारा अधिकारी नव्हे आणि ती देव्हाऱ्यामागे खोचणारा गृहस्थही नव्हे. तुंबलेल्या गटाराच्या चेंबरात आणि वर्षानुवर्षे न उपसलेल्या टाकीत जो उतरविला जातो, तो सफाई कामगार ती मोजतो. आत साचलेल्या विषारी वायूने एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही परत येत नाहीत. २०१३ च्या कायद्याने गटारांची आणि टाक्यांची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी केली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे मरण आलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा हुकूम केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. न्यायालयाने भरपाई वाढविली. मरण थांबविणे मात्र पालिकांच्या हातात होते.

ज्या गल्लीत सर्व घरे नीट जोडलेली आहेत, उतार बरोबर आहे आणि गटार वाहते आहे, तेथे माणसाला आत उतरविण्याची वेळच सहसा येत नाही. आली तर ते काम यंत्राचे. म्हणून आम्ही म्हणतो की, घरजोडणीचा प्रश्न हा केवळ स्वच्छतेचा नाही, तो जातीच्या नावाने पिढ्यान् पिढ्या एकाच समाजाच्या डोक्यावर लादलेल्या पाटीचा प्रश्न आहे. सुधारणेची व्याख्याने देणाऱ्यांनी आपल्या अंगणातील चेंबरचे झाकण एकदा स्वतः उघडून पाहावे!

आमच्या वाचकांनाही दोन शब्द

पालिकेला बोल लावताना आम्ही आमच्या माणसांना पाठीशी घालणार नाही. गटार दारात आले असता प्लंबरच्या हाती चार पैसे ठेवून संडासाची नळी रात्रीतून पावसाच्या उघड्या गटारीत सोडणारे महाभाग आमच्यातच आहेत. बंगल्याला संगमरवर घालण्यास पैसे असतात, चेंबर बांधण्यास नसतात! उलट काहीजण गच्चीच्या पन्हळीचे पाणी भुयारी गटारात सोडतात. मग पहिल्याच पावसात झाकणे उडतात आणि सखल भागातील गरिबाच्या खोलीत गुडघाभर घाण शिरते. पावसाचे पाणी पावसाच्या वाटेने आणि मैल्याचे मैल्याच्या वाटेने, हा साधा नियम ज्यांना पाळता येत नाही त्यांनी 'प्रशासन झोपले आहे' अशी ओरड करू नये. अशांना दंड झाला तर त्यांच्यासाठी आमच्या लेखणीतून अश्रू गळणार नाही.

परंतु हेतुपुरस्सर चुकविणारा आणि परिस्थितीने अडलेला यांत भेद करणे हे कायद्याचे काम आहे. ज्याचे घर रस्त्याहून खाली आहे, त्याची नळी उताराने गटाराला मिळणारच नाही. त्याने काय पाणी डोंगरावर चढवावे? जुन्या वाड्यात सहा बिऱ्हाडे, मालक चौथ्या गावी, भाडे नावापुरते. तेथे नोटीस मालकाच्या नावाने येते आणि दुर्गंधी भाडेकरूच्या वाट्याला. विधवा पेन्शनीवर घर चालविते, तिने रस्ता खणण्याची अनामत, नळीचा खर्च आणि जोडणीचा आकार एकदम कोठून आणावा? आणि गोव्यातील विखुरलेल्या वाड्यांना, जेथे दोन घरांमध्ये माड-पोफळीची बाग आहे, तेथे भुयारी गटारच हवे असा हट्ट तरी कशाला? पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ च्या आपल्या इंदूर अहवालात महागड्या भुयारी गटारांच्या हव्यासावर टीका केली होती आणि मैल्याचे खत करून बागा फुलविण्याचा मार्ग सुचविला होता. दाट पेठेला गटार, विरळ वाडीला नीट बांधलेली व वेळेवर यंत्राने उपसली जाणारी टाकी, हा विवेक शंभर वर्षांपूर्वी सुचू शकतो, तर आज का सुचू नये?

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही केवळ तक्रार करून थांबत नाही. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली : गल्लीतील गटार मुख्य नळाला आणि मुख्य नळ चालू शुद्धीकरण केंद्राला मिळाल्याचा दाखला जाहीर केल्याखेरीज एकाही घराला नोटीस जाता कामा नये. नाल्यात सुटणाऱ्या गटाराला घर जोडणे म्हणजे घाणीचा पत्ता बदलणे.

दुसरी : हद्दीपर्यंतची नळी आणि तपासणीचे चेंबर पालिकेने स्वखर्चाने, रस्ता करण्याच्या आधी घालावे. आज डांबर आणि उद्या कुदळ, हा तमाशा पुरे झाला.

तिसरी : घरातील कामाचा दर प्रसिद्ध करावा आणि ज्याला झेपत नाही त्याचे काम पालिकेने करून घरपट्टीबरोबर लहान हप्त्यांनी फेडून घ्यावे. हप्त्यांची कल्पना आमच्या पालिका कायद्यांना परकी नाही. ती केवळ नागरिकाला सांगितली जात नाही. अगदी गरिबाला जोडणी मोफत मिळाली पाहिजे.

चौथी : भाडेकरूच्या अर्जावरही जोडणी मिळावी, वाड्याच्या वाटणीचा दावा निकाली निघेपर्यंत मैला थांबत नाही. घर जोडल्यावर जुनी टाकी यंत्राने उपसून बुजविण्याची जबाबदारीही नियमातच लिहावी, नाही तर तीच उद्या कोणाचा तरी बळी घेईल.

पाचवी : नोटीस घरमालकाला समजेल अशा भाषेत द्यावी. ज्या गावात माणसे मराठीतून जगतात तेथे दंडाची धमकी तेवढी न वाचता येणाऱ्या लिपीत यावी, हा न्याय नव्हे. आपले गाऱ्हाणे राज्यात वा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे. नोटिशीला उत्तर मराठीतून द्या आणि त्याची पोच मागून घ्या!

आणि सहावी, सर्वांत महत्त्वाची : दंड दोन्ही बाजूंना हवा. गटार चालू असूनही जो जोडत नाही त्याला दंड करा. आणि जोडणीचा अर्ज येऊन ठरलेल्या दिवसांत जो अधिकारी काम करीत नाही, त्याच्या पगारातून तोच दंड कापा. मग पाहा, किती दिवसांत किती घरे जोडली जातात ते!

७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य व मलनिस्सारण हे नागरी संस्थांचे क्षेत्र म्हणून बाराव्या अनुसूचीत लिहिले, त्याला तीन दशके उलटून गेली. अधिकार आमचे नव्हते, ही सबब आता उरलेली नाही. मतांसाठी दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आमच्या वाचकांनी या खेपेस एकच प्रश्न विचारावा : आमच्या गल्लीतील गटार कोठे जाते? तो उत्तर देऊ शकला नाही, तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन झाकण उघडून दाखवावे. सक्तीला आम्ही भीत नाही. नोटीस घ्यायला आम्ही तयार आहोत, खर्चाचा न्याय्य वाटा उचलायलाही तयार आहोत. पण आधी गटार दाखवा!